घरीच तर करता ना!

उमरखेडचा जिल्हा यवतमाळ, खासदार हिंगोलीचा आणि खरेदी नांदेडची. अशा तीन ठिकाणी वाटल्या गेलेल्या गावात हाताने दागिने करून विकायचे म्हणजे गिऱ्हाईक कोणत्या गावचा भाव तोंडावर फेकेल, याचा नेम नसतो. माहेर पुसदचं असेल तर "आमच्या पुसदला हेच दीडशेला भेटते." बहीण नांदेडला दिलेली असेल तर "वजिराबादला असे ढिगाने पडून राहतात." मुलगा पुण्यात नोकरीला असेल तर तुळशीबागेतला फोटो थेट व्हॉट्सॲपवर येतो, किमतीभोवती लाल गोल काढून. यवतमाळचा भाव मात्र कोणी सांगत नाही. तिकडे लोक कोर्टाच्या नाहीतर कलेक्टर कचेरीच्या कामाला जातात, आणि त्या कामाला जाताना दागिने घरी ठेवून जाण्याची पद्धत आहे.

आमच्या वहिनींनी हा उद्योग सुरू केला तेव्हा, म्हणजे 2025 साली, सोन्याने दहा ग्रॅमला लाखाचा आकडा नुकताच ओलांडला होता. तेव्हापासून सराफाच्या दुकानात माणसं बीपी तपासायला जावं तशी जातात. आकडा विचारायचा, मान हलवायची आणि घरी येऊन पडायचं. लग्नं मात्र थांबत नाहीत. नवरीच्या अंगावर चार डाग तरी दिसलेच पाहिजेत. मग एक ग्रॅमवाले, बेंटेक्सवाले आणि घरगुती मोतीवाले यांना बरे दिवस आले. पूर्वी गल्लीत एक शिवणक्लास असायचा, नंतर ब्युटी पार्लर आलं, आता एक बाई पक्कड घेऊन बसलेली असते. ही पक्कड नवऱ्याच्या स्कूटरच्या डिकीतून आलेली असते आणि स्कूटर रस्त्यात बंद पडेपर्यंत ती गेल्याचं त्याला कळत नाही.

शिकण्याचं गुरुकुल म्हणजे मोबाईल. व्हिडिओत बाईचे नुसते हात दिसतात. त्या हातांच्या मागे गॅसवर उतू जाणारं दूध नसतं, दारात सिलिंडरवाला नसतो, "आई, माझी वही कुठंय" नसतं. आठ मिनिटांत नथ तयार. वहिनींची पहिली नथ झाली तेव्हा ती नथ आहे हे सांगावं लागलं. आईने हातात घेऊन उलटीसुलटी केली आणि म्हणाली, "कानातलं मस्त झालं, पण दुसरं कुठंय?" वहिनींनी चेहऱ्यावरची रेघ न हलवता दुसरं केलं आणि जोडी विकून टाकली. या धंद्यात बिघडलेला माल नसतो, नवी डिझाईन असते.

सामानासाठी नांदेड, आणि जरा हात मोकळा झाला की नांदेडहून रेल्वेने हैदराबाद. चारमिनारजवळ पत्थरगट्टीत मोत्यांच्या लडी, लाड बाजारात लाखेच्या बांगड्या. बायका हैदराबादहून परत येतात तेव्हा पिशवीत पुढची पाच वर्षं पुरतील एवढे मणी असतात आणि परतीच्या चहापुरतेही पैसे नसतात. मणी ठेवायला श्रीखंडाचे डबे. ते स्वयंपाकघरातल्या फळीवर, कारण घरात दुसरी फळी नाही. काळे मणी आणि मोहरी जवळजवळ एका मापाचे. आमच्या घरी एकदा फोडणी तडतडेना, तेव्हा तेल गरम झालं नसेल म्हणून दादाने बराच वेळ वाट पाहिली. त्या दिवसाचं वरण आम्ही अतिशय जपून चावलं. तेव्हा नव्याने सुरुवात करणाऱ्या भगिनींना माझा पहिला व्यावहारिक सल्ला असा, की डब्यांवर नावं लिहा.

दुसरा सल्ला मागच्या बाजूचा. दागिन्याची पुढची बाजू नवऱ्याला दाखवण्यासाठी असते, मागची बाजू सासू बघते. ती दागिना हातात घेते तो सरळ उलटा करूनच. कडी उघडी राहिली आहे का, तारेचं टोक टोचतं का, हूक कशाचा आहे. आणि ती बरोबर असते. स्वस्तातल्या हुकात निकेल असतं, ते पुष्कळ जणींच्या कानाला सोसत नाही. कान लाल होतो, चिघळतो आणि मग गल्लीभर "त्यांचं कानातलं घातलं अन् कान सुजला" अशी फुकट जाहिरात होते. हुकात दोन रुपये वाचवणारीचं दुकान त्या दोन रुपयांतच बसतं. गोंदाचंही तसंच. पुण्या-मुंबईच्या व्हिडिओतला गोंद आमच्याकडे मे महिन्याच्या 44-45 अंशांत मऊ होतो आणि मंगलाष्टकं चालू असताना अक्षतांच्या आधी खडा पडतो. म्हणून तारेने बांधलेला खडा बरा. तंगुसाचंही तेच. ओवायला सोपं, दिसायला पाण्यासारखं, पण गाठ सुटते. गाठीवर नुसता विश्वास ठेवू नये, तीन वेळा ओढून पाहावी.

गाठ म्हटली की पटवेकरी आठवतो. सराफ्यात दुकानाच्या कडेला बसून रेशमात सोन्याचे मणी गाठवून देणारा. पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवायचा, दोन्ही हात मोकळे आणि तोंड गिऱ्हाइकाशी गप्पा मारायला मोकळं. एकदाणी, बोरमाळ, काळी पोत, सगळं त्याच्या अंगठ्यावरून जात असे. त्याच्यासमोर बायका मांडी ठोकून बसत आणि डोळ्यांची पापणी लवू देत नसत, कारण मणी मोजून दिलेले असत. गाठवण्याची मजुरी किरकोळ, पण उधारी शून्य. पोत त्याच्या हातात, पैसे तुमच्या हातात, अदलाबदल झाल्याशिवाय अंगठा दोरा सोडायचा नाही. आजच्या मार्केटिंगच्या वर्गांत पुष्कळ काही शिकवतात, पण पायाच्या अंगठ्याचा एवढा चांगला वापर कोणी शिकवत नाही.

आता भाव. इथेच खरं रण पेटतं.

समजा एका कानातल्याच्या जोडीला सामान साठ रुपयांचं लागलं. मान मोडून दोन तास बसावं लागलं. वहिनी भीत भीत दोनशे सांगतात. समोरची बाई कानातलं हातात खेळवते, आरशात बघते, मैत्रिणीला दाखवते आणि मग ते ब्रह्मवाक्य येतं, "दोनशे? घरीच तर करता ना!" म्हणजे दुकानाचं भाडं नाही, नोकर नाही, लाईट तशीही जळतेच, आणि बाई तर काय, तशीही बसलेलीच असते. घरी केलेल्या वस्तूत मेहनत धरायची नाही, असा आपल्याकडे अलिखित कायदा आहे आणि पोळीपासून पैठणीच्या फॉलपर्यंत तो सगळ्यांना लागू आहे.

यावर माझ्याकडे एक सरकारी उतारा आहे. 2025-26 साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला 312 रुपये होती. आठ तासांनी भागा, तासाला 39 रुपये. दोन तासांचे झाले 78. सामान 60, मजुरी 78, वर डबी, कार्ड, तुटलेले मणी, नांदेडचं तिकीट. दोनशे रुपयांत वहिनींना उरतं ते एवढंच की मोजायला चष्मा लागू नये. हा हिशेब मी एका काकूंना कागदावर मांडून दाखवला. काकूंनी शांतपणे ऐकला आणि म्हणाल्या, "खड्डा खणायला उन्हात जावं लागते, भाऊ. ह्या तर पंख्याखाली बसून करून राहिल्या." पंख्याचे वीस रुपये कमी करून सौदा पटला.

शहरातला दुकानदार या बाबतीत सुखी. त्याचं गिऱ्हाईक अनोळखी असतं. उमरखेडात अनोळखी गिऱ्हाईक म्हणजे अजून नातं न सापडलेलं गिऱ्हाईक. दोन मिनिटं बोलू द्या, ढाणकीच्या आत्याच्या जावेची भाची निघते आणि भाव तिथेच बसतो. मुळाव्याची निघाली तर वर चहाही करावा लागतो.

उधारीला आमच्याकडे पिकांचं वेळापत्रक आहे. सोयाबीन विकलं की देते, कापूस गेला की देते, इथवर ठीक. पण "हळद निघाली की देते" म्हटलं की समजावं, हा दागिना आता आपला राहिला नाही. हळद शेतातच आठ-नऊ महिने घेते. मग ती काढायची, शिजवायची, वाळवायची, पॉलिश करायची, हिंगोली-वसमतच्या बाजारात न्यायची आणि भाव पडला असेल तर परत आणून ठेवायची. तोवर कानातल्याचं पॉलिश उतरतं आणि बाईच उलट विचारते, "बदलून देता का?"

उधारीवर उपाय म्हणून वहिनींनी क्यूआर कोड लावला, त्याच्यासोबत ते बोलणारं डबडं आलं. पैसे जमा झाले की ते मोठ्याने आकडा सांगतं. हेतू चांगला, पण या डबड्याला व्यवहारज्ञान नाही. एका दुपारी धाकट्या जावेने मोत्याचा सर नेला, आणि डबडं खणखणीत आवाजात म्हणालं, "एकशे पन्नास रुपये प्राप्त झाले." ओट्यावर शेजारच्या ताई बसल्या होत्या. त्यांनी तोच सर आदल्याच दिवशी दोनशेला नेला होता. ताई काही बोलल्या नाहीत. फक्त गळ्याला हात लावून बसल्या. पुढचे आठ दिवस आमच्याकडे त्यांच्या घरून विरजण आलं नाही. डबडं आता कपाटात, साड्यांच्या घडीखाली असतं, आणि तिथून आकडे पुटपुटतं. सल्ला असा, की भाव एक ठेवा, नाहीतर डबडं ठेवू नका. दोन्ही जमत नसेल तर जाऊ करू नका.

खरी कमाई सणांची. पण सणाचं पंचांग दागिनेवालीने दातेंच्या पंचांगाइतकंच बारकाईने वाचायला हवं. संक्रांतीचं बघा. नव्या सुनेची पहिली संक्रांत आणि लहान मुलाचं बोरनहाण म्हणजे हलव्याचे दागिने. हंगाम संक्रांत ते रथसप्तमी. 2024 साली तो 15 जानेवारी ते 16 फेब्रुवारी असा महिनाभर चालला. 2026 साली संक्रांत 14 जानेवारीला आणि रथसप्तमी 25 जानेवारीला. अकरा दिवसांत गावातल्या सगळ्या सुना काळ्या साडीत उभ्या राहायच्या, म्हणजे वहिनींचं जेवण उभ्यानेच. त्यात 2026 ला ज्येष्ठ अधिक आला, 17 मे ते 15 जून, म्हणजे ऐन लग्नसराईला टाळं. लग्न नाही तर नवी सून नाही, नवी सून नाही तर पुढच्या संक्रांतीला गिऱ्हाईक कमी. चंद्राची चाल आमच्या स्वयंपाकघरापर्यंत येते ती अशी.

हलवा करणं हे तपश्चर्येचं काम. मंद शेगडीवर परात, परातीत तीळ नाहीतर खसखस, वरून चमच्या-चमच्याने एकतारी पाक, आणि बोटांनी हलवत राहायचं. थंडी चांगली असली तर काटा फुलतो. ढगाळ हवा आली की साखरेचा नुसता गोळा होतो. म्हणून बहुतेक जणी आता हलवा विकत आणतात आणि दागिने तेवढे घरी ओवतात, ज्यात काही कमीपणा नाही. सराफ तरी सोनं कुठे घरी पिकवतो? मुकुट, बिंदी, वेल, नथ, तन्मणी, मंगळसूत्र, बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा, आणि जावयाला हार, गुच्छ. पांढऱ्याशुभ्र दाण्यांमध्ये जर ओढलेली, काळ्या साडीवर असं काही खुलतं की सोनं लाजावं. जावई मात्र या थाटात कसनुसा दिसतो. गळ्यात साखर, हातात साखरेचा गुच्छ, आणि चेहऱ्यावर, दोन मुंग्या कॉलरमध्ये शिरल्याचा भाव. बहुधा शिरलेल्याच असतात.

हलव्याच्या दागिन्यांचं गिऱ्हाईक सगळ्यांत चौकस. "गॅरंटी काय?" साखरेची गॅरंटी मागणारी बाई मी उमरखेडातच पाहिली. एक सासूबाई तर पूर्ण सेट पारखून म्हणाल्या, "पुढच्या वर्षी धाकटीचं लग्न आहे. हाच तिलेही चालेल ना?" वहिनी म्हणाल्या, "फ्रीजमध्ये ठेवलात तर राहील, पण मधे पावसाळा आहे." सासूबाईंनी पावसाळ्याचे पैसे कमी करून मागितले. बोरनहाणाचं गिऱ्हाईक त्या मानाने सरळ. ते दीड वर्षाचं असतं, बाजूबंद घालताक्षणी तोंडात घालतं आणि फोटोग्राफर "इकडे बघ" म्हणेपर्यंत मुकुटाला लागतं. आपण केलेला दागिना इतक्या आवडीने संपवणारा दुसरा रसिक नाही. त्याच्यासाठी म्हणून सांगतो, टाचणी आणि गोंद लहान मुलाच्या दागिन्यात अजिबात नको. सुईदोऱ्याने शिवा. हे मात्र गंमत म्हणून सांगत नाही.

याच दिवसांत वाणाच्या ऑर्डरी येतात. "एक्कावन्न जोड कानातले द्या, दहा रुपये जोडीने." दहा रुपयांत हूक येतो. बाई म्हणते, "स्टीलची वाटी वीसला भेटते, पण मला काहीतरी वेगळं लुटायचं आहे." वेगळेपणाची किंमत वाटीपेक्षा कमी असावी, ही अपेक्षा फक्त आपल्याकडेच असू शकते. वहिनींनी अशा ऑर्डरी आता बंद केल्या. वाटीशी स्पर्धा करायची नाही, असं त्यांनी ठरवलं आहे आणि मला तो निर्णय पटतो.

सगळ्यांत गुणी गिऱ्हाईक पोळ्याला येतं. श्रावण अमावास्येच्या आधी बाजारात घुंगरमाळा, कवड्यांचे हार, रंगीत गोंडे, बाशिंगं, झुली यांची गर्दी होते. बायकोच्या पाटल्यांना "पुढच्या वर्षी बघू" म्हणणारा माणूस बैलाच्या गोंड्याला खिसा उलटा करतो, आणि बैल मागची बाजू बघत नाही, पुसदचा भाव सांगत नाही. वहिनींनी एका वर्षी उरलेल्या मण्यांच्या माळा बैलांच्या मापाने ओवल्या आणि पोळ्याच्या आदल्या दिवशी दुपारीच सगळ्या संपल्या. धनी फक्त एवढंच विचारत होते, "दोन्ही सारख्या हायेत ना? नाहीतर पवळ्या रुसते."

पण दागिने करण्याच्या कामातले खरे उस्ताद गावाबाहेर, तांड्यांवर आहेत. पुसद-उमरखेडच्या या पट्ट्यात बंजारा वस्ती मोठी. म्हाताऱ्या बायांच्या अंगावर अजून घुगरी, टोपली, हांसली, हातभर बलिया दिसतात. कांचळीवर आरसे, फेटियावर कवड्या, कुठे जुनी नाणी टाचलेली. हे वजन घेऊन त्या रानात राबल्या, डोक्यावर पाण्याच्या घागरी वाहिल्या. आता लेकी-सुना हा साज तीजेला नाहीतर होळीला काढतात. आणि गंमत म्हणजे आमच्या कॉलेजच्या मुली नवरात्रात गरब्यासाठी "बंजारा स्टाईल" सेट मागवतात तो ऑनलाईन, कुठल्यातरी दूरच्या राज्यातून, काळपट पत्र्याचा. तो खोका उमरखेडच्या स्टँडवर उतरतो तेव्हा त्याच स्टँडवर खरी हांसली घातलेली एक आजी दराटीच्या बसची वाट पाहत बसलेली असते. तिच्याकडे कोणी डिझाईन विचारायला जात नाही. वहिनी गेल्या. आजीने दोन गाठी शिकवल्या आणि मोबदल्यात वहिनींचं कानातलं मागून घेतलं, कारण ते "हलकं आहे, झोपताना टोचत नाही." बाजाराचा कल इतक्या थोडक्यात दुसऱ्या कोणी सांगितला नसेल.

बचत गटाच्या प्रदर्शनाबद्दल फार लिहीत नाही. उमेद अभियानामुळे गावोगावच्या बायकांना स्टॉल मिळतात, मुंबईच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनापर्यंत माल जातो, हे चांगलंच आहे. फक्त आपला स्टॉल भज्यांच्या स्टॉलशेजारी येऊ देऊ नका. लोक तेलकट हाताने मोती चाचपतात आणि भजी घेऊन निघून जातात. उद्घाटनाला येणारे पाहुणे प्रत्येक स्टॉलवर "वा, छान" म्हणतात, पण त्यांच्या खिशात सुट्टे पैसे कधीच नसतात.

जीएसटीची चौकशीही एकदा दादाने करून ठेवली. नकली दागिन्यांवर 3 टक्के कर आहे, आणि राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाची उलाढाल 40 लाखांवर जाईपर्यंत नोंदणीची सक्ती नाही. हे ऐकून वहिनी निर्धास्त झोपल्या. चाळीस लाख वजा गेल्या आठवड्यातली विक्री, एवढीच वाट अजून चालायची आहे. नकली माल सोन्याचा म्हणून विकायचा मोह मात्र कोणी धरू नये. हॉलमार्कच्या सोन्यावर 1 एप्रिल 2023 पासून सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी सक्तीचा आहे आणि आता गावातली शाळकरी पोरंही ते मोबाईलवर तपासतात. वहिनी डबीवर स्वच्छ लिहितात, "मोती काचेचे, तार पितळेची, मेहनत खरी." या तिसऱ्या गोष्टीची किंमत कमी करायला एक बाई अजूनही येतात.

तर उमरखेडात, किंवा कुठेही, घरी दागिने करणाऱ्या बाईला ऑर्डर द्यायची असेल तर एवढं करा. संक्रांतीची ऑर्डर डिसेंबरातच द्या, तेराव्या तारखेला रात्री दार वाजवू नका. 2027 साली संक्रांत 15 जानेवारीला आणि रथसप्तमी 13 फेब्रुवारीला आहे, म्हणजे तेव्हा दमाने घालायला वेळ आहे, करायला मात्र तेवढाच लागणार. सुनेच्या मनगटाचं माप "माझ्याएवढंच आहे" असं सांगू नका, दोऱ्याने मोजून पाठवा. निम्मे पैसे आधी द्या. आणि उरलेले हळद निघायच्या आत.